उंचवटा

सुई टेकली, रेकॉर्डच्या कडेची नेहमीची खरखर झाली आणि गाणाऱ्या बाईनं पहिलाच ‘स’ असा काही फेकला, की त्याचे दात आंबले. त्यानं पुढे होऊन सुई उचलली. थोडा वेळ हात तसाच अधांतरी धरून तो उभा राहिला. रविवारची दुपार होती, समोरच्या इमारतीच्या काचांवरचं ऊन त्याच्या भिंतीवर येऊन पडलं होतं, आणि खोलीत सगळीकडे स्क्रू, चिमटे, वायरींचे तुकडे असा पसारा मांडलेला. आतून बायकोनं विचारलं, “काय झालं?” तो म्हणाला, “काही नाही. जमत नाहीये.” आतून भांड्याचा आवाज आला. जमत नाहीये हे त्या घरात आता रोजच्या बातमीसारखं झालं होतं.

अ‍ॅम्प्लिफायर बाबांचा, टर्नटेबलही बाबांचंच. बाबा गेल्यावर ताईनं घर आवरायला घेतलं तेव्हा तिनं ही दोन्ही धुडं एका जुन्या चादरीत गुंडाळून टेम्पोत घालून पाठवून दिली होती. वर फोनवर निरोप, “नको असेल तर भंगारात घाल. मला ते डोळ्यांसमोर नको.” त्यालाही नकोच होतं. कितीतरी दिवस ते गाठोडं बोळात पडून होतं आणि येता-जाता त्याला अंगठा ठेचला की तो बाबांच्या नावानं मनातल्या मनात एक शिवी घालायचा. मग एकदा त्यानं चादर सोडली, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या माणसाचं त्याला काही नको होतं; ना फोटो, ना घड्याळ. पण लहानपणी शाळेतून आल्यावर जिना चढताना जो आवाज यायचा, भरदार, गोल, कुठेही न टोचणारा, तो मात्र हवा होता. त्या घरात चांगलं म्हणावं असं तेवढंच होतं, असं त्याचं मत होतं, आणि ते आपल्या वाट्याचं आपण काढून घ्यावं, देणाऱ्याचे आभार न मानता, असं त्यानं ठरवलं होतं.

पण आवाज येईना. आधी त्याला वाटलं, सुई झिजली असेल. सुई ज्या अंगठ्याच्या पेराएवढ्या डबीत बसते ती कार्ट्रिजच त्यानं बदलून टाकली, चांगली महागातली आणली. गाणं बोथट झालं, जणू बाई तोंडावर पदर धरून गातेय. दुसरी आणली, तर तिच्यात भलतेच स्वर अंगावर यायला लागले. त्याला शास्त्र माहीत नव्हतं असं नाही. सुई थरथरते, डबीतून इवलीशी वीज निघते, अ‍ॅम्प्लिफायर ती झेलून मोठी करतो. पण झेलताना त्यानं त्या इवल्या विजेवर किती ओझं टाकायचं याचं एक माप असतं. माप चुकलं की काही स्वर फुगतात, काही मरतात. कार्ट्रिजवाला दुकानदार म्हणाला होता, “साहेब, तुमची डबी चांगली, अ‍ॅम्प्लिफायर तर सोनं आहे. पण दोघांचं पटत नाही. आमच्या घरी तसंच आहे. मीही चांगला, तीही चांगली.” आणि स्वतःच्याच विनोदावर खूष होऊन तो बराच वेळ हसला होता. शेवटी त्याच्याचकडून त्यानं बाबांच्या जुन्या डबीला बसेल अशी नवी सुई मिळवली. ज्यांचा संसार इतकी वर्षं झाला त्यांचं तरी पटेल, असा हिशेब. ती सुई आज बसवली होती, आणि तिनं तर कळसच केला. प्रत्येक ‘स’, प्रत्येक ‘च’ कानात खिळ्यासारखा घुसत होता.

खिळा हा शब्द मनात आला आणि त्याला उगीचच कसंतरी झालं. बाबांनी सगळा जन्म खिळ्यांच्या कारखान्यात काढला होता. लहानपणी एकदा आईनं विसरलेला डबा द्यायला पाठवलं तेव्हा तो त्या शेडच्या दारापर्यंत गेला होता. आत ओळीनं यंत्रं उभी होती, एका बाजूनं तार गिळत आणि दुसऱ्या बाजूनं खिळे ओकत, आणि आवाज असा की तो ऐकू येण्याऐवजी छातीच्या पिंजऱ्यात बसत होता. त्या सगळ्याच्या मधोमध बाबा शांतपणे उभे होते, हातात तेलाची बुधली. त्यानं हाका मारल्या. शेजारच्या माणसानं बाबांच्या दंडाला हात लावून दाराकडे बोट केलं तेव्हा ते वळले. संध्याकाळी घरी आले की हात धुवून, कोणाशी न बोलता, दाराकडे पाठ करून खुर्चीत बसायचे आणि रेकॉर्ड लावायचे. आई काही सांगायला आली की आधी त्यांच्या खांद्याला हात लावायची, मग समोर जाऊन बोलायची. त्याला तेव्हा वाटायचं, ती घाबरते. पुढे त्याला वाटायला लागलं, या माणसानं तिला घाबरवून ठेवलंय. त्याच्याकडे बाबा बघायचे ते, तो बोलत असताना, नजर त्याच्या तोंडावर रोखून, जणू प्रत्येक शब्द खोटा निघणार आहे. त्या नजरेखाली तो कधी सरळ बोलू शकला नाही. मान खाली घालून पुटपुटायचा आणि बाबा म्हणायचे, “काय ते नीट बोल.” तो आणखीच पुटपुटायचा.

आणि आई गेली त्या दिवशीही बाबा तिथेच बसले होते, त्याच खुर्चीत. न्हाणीघरात ती पडली. शेजारीण नंतर म्हणाली, “दोन-तीनदा हाक आली हो. मला वाटलं, घरात आहेत ते, जातील.” घरात असलेला माणूस गाणी ऐकत होता. रेकॉर्डची बाजू संपली, ते पाणी प्यायला उठले, तेव्हा त्यांना ती दिसली. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. तेवढं त्याला पुरलं. घरात माणसं जमलेली असताना तो बाबांसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळी ताकद लावून ओरडला, “आई हाका मारत होती आणि तुम्ही गाणी ऐकत बसलात! गाणी!” बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, खूप वेळ. मग म्हणाले, “तिनं हाक मारली नाही.” एवढंच. शेजारीण तिथेच भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली. त्या दिवसापासून त्याच्या लेखी बाबांच्या नावावर एक खोटं जमा झालं, आणि साधंसुधं नाही.

दुसरं खोटं नंतरचं. ते आठवलं की आजही त्याच्या डोक्यात तिडीक जायची. वर्ष उलटून गेल्यावर, बायकोनं रोज कानीकपाळी ओरडून झाल्यावर, तो एका संध्याकाळी गेला होता. दार सताड उघडं होतं. म्हातारपणी एवढा निष्काळजीपणा, हेच त्याच्या मनात पहिल्यांदा आलं. घंटा वाजवायचा प्रश्नच नव्हता, तो आत गेला. बाबा पाठमोरे, रेकॉर्ड हळू आवाजात लागलेली. मानेवरचे केस वाढले होते, शर्टाची कॉलर आतून फाटलेली दिसत होती, आणि ती कॉलर पाहून त्याला अचानक रडू फुटेल असं वाटलं. म्हणून तो घाईघाईनं, खाली बघत, बोलून मोकळा झाला. “बाबा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर तर नकोच.” पाठ हलली नाही. रेकॉर्ड संपेपर्यंत तो उभा राहिला. मग बाबा बाजू बदलायला उठले, वळले, त्यांना तो दिसला. ते बघत राहिले, त्याच्या तोंडाकडे, तसेच रोखून. तो वाट बघत होता. आपलं बोलून झालंय, आता त्यांची पाळी. काहीही चाललं असतं, ‘बस’ म्हटलं असतं तरी त्यानं पायांवर लोळण घेतली असती. बाबांचे ओठ किंचित हलले, मग मिटले. त्यांनी रेकॉर्ड उलटी केली, सुई ठेवली आणि पुन्हा खुर्चीत बसले. तो उलट्या पावली बाहेर पडला. आणि काही दिवसांनी ताई फोनवर म्हणाली, “बाबा सांगत होते, तू आला होतास म्हणे. दारात उभा राहिलास, तोंडातून शब्द काढला नाहीस आणि गेलास.” “खोटं बोलतोय म्हातारा,” तो म्हणाला. “आयुष्यभर खोटं बोलत आलाय.” त्यानंतर तो गेला नाही. बाबा आजारी पडले तेव्हाही नाही. ताईचे निरोप येत राहिले आणि तो पेशंट आहेत, गर्दी आहे, असं सांगत राहिला. शेवटी गेला तो खांदा द्यायलाच.

पेशंट म्हणजे कानाचे. त्याचा धंदाच तो होता, कान तपासायचे आणि कानातली यंत्रं बसवून द्यायची. स्पंज लावलेल्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन घालायचे, बारीक शिट्ट्या ऐकवायच्या, ऐकू आली की बटण दाबा म्हणायचं, आणि कागदावर ठिपके जोडत जायचं; जो स्वर ऐकू येत नाही तिथे रेघ खाली उतरते. वीस वर्षं तो हेच करत आला होता. घरी जेवणाच्या टेबलावरसुद्धा हे आलेख पडलेले असायचे; बायको त्यांच्यावर गरम भांडी ठेवायची आणि त्याच्या शिव्या खायची. पेशंटच्या पोराबाळांना सांगायची त्याची वाक्यंही ठरलेली. समोर येऊन बोला. तोंड दिसू द्या. पाठीमागून हाका मारू नका. ते मुद्दाम करत नाहीत हो, त्यांना खरंच कळत नाही. त्यांना वाटतं, तुम्हीच पुटपुटता. ही वाक्यं तो आता झोपेतही म्हणू शकला असता.

तर आज, नव्या सुईनंही दगा दिल्यावर, त्यानं अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण काढलं. आत धूळ नव्हती, म्हणजे बाबा तो उघडत होते. मागे जिथे टर्नटेबलची वायर येते त्या जागी आतून तीन कपॅसिटर जोडलेले होते, बडीशेपेच्या गोळ्यांसारखे, एकाला एक खेटून. मूळ यंत्रातले भाग नव्हतेच ते. शेजारचा एक रेझिस्टरही बदललेला; डबीवरचं ओझं ठरवणारे हेच भाग. सोल्डरचे डाग सुबक होते, बाबांचा हात त्याला ओळखू आला; गल्लीतले रेडिओ ते फावल्या वेळात असेच दुरुस्त करायचे. पण तिन्ही डाग एका वयाचे नव्हते. एक काळवंडलेला, एक मळकट, एक अजून चकाकणारा. म्हणजे माणूस वर्षानुवर्षं चांगल्या यंत्राची वाट लावत बसला होता. हट्टी म्हातारा, त्यानं मनाशी म्हटलं, कोणाला विचारायचं तर नाहीच. किती बिघडवलंय ते तरी बघावं म्हणून त्यानं परीक्षेची रेकॉर्ड काढली, जिच्यावर गाणं नसतं, नुसत्या एकामागून एक चढत जाणाऱ्या शिट्ट्या असतात. कामावरचं आवाज मोजायचं मीटर स्पीकरसमोर धरलं. हाताशी कागद नव्हता; रेकॉर्डच्या आतल्या पातळ, अर्धपारदर्शक पाकिटावरच पेन्सिलीनं ठिपके काढत गेला. खालचे स्वर सपाट. मधले सपाट. मग रेघ चढायला लागली, दोन हजार हर्ट्झच्या पुढे भरभर, चार हजारांवर तिचं टोक, आणि पलीकडे उतार. सपाट माळावर मधेच एक टेकडी उठावी तसा उंचवटा. त्याला आता दोष कळला होता. ते तीन कपॅसिटर काढून टाकले, रेझिस्टर मूळचा बसवला की झालं. एवढंसं काम. त्यानं सोल्डरिंग गन तापायला लावली. त्याला बरं वाटलं, जवळजवळ विजय झाल्यासारखं.

बायको चहा घेऊन आली. टेबलावर जागा नव्हती. एका हातात ट्रे धरून तिनं दुसऱ्या हातानं ते पाकीट खालच्या कडेला धरून उचललं आणि पालथं करून बाजूला टाकलं. ट्रे ठेवला. मग तिची नजर पाकिटावर गेली. पातळ कागदातून मागची रेघ स्वच्छ दिसत होती.

“हा कोण बिचारा?” ती म्हणाली.

“कोण?”

“हाच की. केवढी दरी पडलीय. कारखान्यातला असणार, नाही?”

तो हसत मान वर करून सांगणार होता, की अगं वेडे, तो माणूस नाही, अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्यानं पाकिटाकडे पाहिलं. डावीकडे सपाट, मग उतार, चार हजारांवर तळ, पलीकडे थोडासा चढ. अशी रेघ तो आठवड्यातून दोनदा तरी काढत होता. यंत्रमागावरची माणसं, लोहार, रेल्वेच्या कारखान्यातली माणसं. आवाजानं पोखरलेला कान. त्यानं हात पुढे केला आणि पाकीट सुलटं केलं. उंचवटा. पालथं केलं. दरी. बायको म्हणाली, “काय करतोयस?” त्यानं ते पुन्हा सुलटं केलं, पुन्हा पालथं.

दरी जेवढी खोल, तेवढाच उंचवटा उंच. बाबांनी डबीला अ‍ॅम्प्लिफायर जुळवलाच नव्हता. दोघांना मिळून त्यांनी आपल्या कानाला जुळवलं होतं. कान थोडा गेला, एक कपॅसिटर. आणखी गेला, दुसरा. आपला कान जातोय हे त्यांना कळलं तरी होतं का? नसणारच. कोणालाच कळत नाही. त्यांना वाटलं असणार, यंत्र म्हातारं झालंय, ‘स’ पुसट झालाय, बाईचा आवाज बसलाय. आणि ते प्रामाणिकपणे यंत्र दुरुस्त करत बसले, गाणं पूर्वीसारखं ऐकू येईपर्यंत. म्हणजे तोच आवाज, जिन्यातला, भरदार, गोल. ज्यासाठी तो दोन महिने झटत होता तो आवाज या अ‍ॅम्प्लिफायरमधून शेवटपर्यंत येत होता. फक्त तो जगात एकाच माणसाला ऐकू येत होता, आणि त्या माणसाला त्यानं जाळून टाकलं होतं.

त्याला उठावंसं वाटेना, बसवेना. खांद्यावर पडणारा आईचा हात. कारखान्यात दंडाला स्पर्श करून बोट दाखवणारा माणूस. तोंडावर रोखलेली नजर. ती संशयाची नव्हतीच, ओठ वाचणाऱ्याची होती, आणि त्यानं दर वेळी मान खाली घालून ओठच लपवले होते. दुसऱ्या कोणाच्या बापाबद्दल हे कोणी सांगितलं असतं तर त्यानं पाच मिनिटांत निदान केलं असतं, वर घरच्यांना चार शब्द सुनावले असते. घरच्या माणसाला मात्र त्यानं कान तपासायच्या खुर्चीत कधी बसवलंच नाही, सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. तिनं हाक मारली नाही. तो शब्दही बोलला नाही. दोन्ही खोटं नव्हतं. न्हाणीघरातून येणारी थकलेल्या बाईची हाक त्या दरीत पडली, आणि मान खाली घालून पाठीला मागितलेली माफीही तिथेच पडली. मग बाबा वळले तेव्हा त्यांनाही तेच वाटलं असणार. पोरगा आलाय, आता काहीतरी बोलेल. ते वाट बघत उभे होते. दोघंही समोरच्याच्या पहिल्या शब्दाची वाट बघत होते.

त्यानं ताईला फोन लावला. बायको उठून आत गेली. तिला काय कळलं होतं देव जाणे.

“ताई,” तो म्हणाला, “बाबांना ऐकू येत नव्हतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे, फार वर्षांपासून. बारीक आवाज, मागून बोललेलं, काही नाही. मी त्या दिवशी बोललो होतो, ताई. माफी मागितली होती. त्यांना ते ऐकूच आलं नाही.”

तिच्याकडच्या पंख्याचा आवाज येत होता.

“म्हणजे ते तसेच गेले,” ती म्हणाली. “तू नुसता येऊन उभा राहिलास, असंच धरून.”

“हो.”

“आणि आईची हाक?”

“तीही नाही.”

“पण तुझं ते ऐकू आलं होतं त्यांना,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे त्याला जास्तच सोसवेना. “समोर उभा राहून ओरडला होतास ना. आई हाका मारत होती म्हणून. ते सगळं नीट ऐकू आलं. त्यानंतर ते गाणं हळू लावायला लागले, दार उघडं ठेवून बसायचे. मी सारखी ओरडायचे, अहो चोर शिरेल. तर म्हणायचे, असू दे. कोणी हाक मारली तर ऐकू यायला हवी.”

दार सताड उघडं होतं. म्हणून त्यानं घंटा वाजवली नव्हती. ती घंटा आईनं हट्टानं बसवून घेतली होती, घणघणती, साऱ्या गल्लीला ऐकू जाणारी. ती बाबांना ऐकू आली असती. ते वळले असते. समोरासमोर येऊन उभे राहिले असते, त्याच्या तोंडाकडे बघत. ताई हॅलो, हॅलो म्हणत होती. तिचा ‘ल’, तिचा श्वास, मागचा पंखा, सगळं त्याला वेगवेगळं ऐकू येत होतं. त्यानं फोन ठेवला.

सोल्डरिंग गन तापून वास यायला लागला होता. त्यानं ती बंद केली. झाकण लावलं, एकेक स्क्रू घट्ट केला. मग टर्नटेबलवर तीच मघाची रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली आणि दाराकडे पाठ करून बसला. बाईचा ‘स’ कानात घुसला. त्यानं आवाज कमी केला नाही. तो ऐकत राहिला, दात आंबेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि कितीही ऐकलं तरी बाबांना कसं ऐकू यायचं ते त्याला ऐकू येणार नव्हतं. त्याचे कान शाबूत होते. आतून बायकोनं हळूच हाक मारली. गाण्याच्या आवाजातूनही ती त्याला स्वच्छ ऐकू आली. तिनं पुन्हा मारली. तीही ऐकू आली.